ला फॉलेट खरे ठरले की चुकले, हा प्रश्नच गैरलागू आहे

४ एप्रिल १९१७ च्या रात्री अमेरिकेच्या सिनेटने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारण्याचा ठराव ८२ विरुद्ध ६ मतांनी संमत केला. विरोधात गेलेल्या सहा जणांत विस्कॉन्सिन राज्याचे रॉबर्ट ला फॉलेट हे सर्वांत वजनदार नाव होते, आणि शंभर वर्षे उलटली तरी त्यांच्या त्या एका मतावरचा वाद मिटलेला नाही. चाहते म्हणतात, व्हर्सायच्या तहाने आणि पुढच्या वीस वर्षांच्या इतिहासाने ला फॉलेट यांना खरे ठरवले. टीकाकार म्हणतात, त्यांच्या विचारांच्या वारसदारांनीच १९३० च्या दशकात अमेरिकेला तटस्थतेच्या कायद्यांत जखडून ठेवले आणि हिटलरला रान मोकळे मिळाले. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही भूमिकांचा पाया एकच आहे : माणसाचे मत पुढच्या परिणामावरून तोलायचे. पण पुढे काय वाढून ठेवले आहे हे त्या रात्री ना ला फॉलेट यांना ठाऊक होते, ना राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना. माझे म्हणणे असे की लोकप्रतिनिधीच्या विरोधाचे मोल तो पुढे खरा ठरला की नाही यावर अवलंबून नसते. तो कोठे केला, कोणासमोर केला, कोणत्या पुराव्यानिशी केला आणि त्याची किंमत स्वतः मोजली की दुसऱ्यावर ढकलली, यावर ते ठरते. या कसोटीवर ला फॉलेट बहुतांशी उतरतात. जेथे उतरत नाहीत ती जागा मात्र टीकाकार बोट दाखवतात तेथे नाही.

त्यांची १९१७ ची भूमिका समजून घ्यायची तर तिची मुळे युद्धात नव्हे, विस्कॉन्सिनच्या रेल्वे आणि लाकूड कंपन्यांच्या राजकारणात शोधावी लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील रिपब्लिकन पक्ष याच धनिकांच्या तालावर चाले. १८५५ साली एका लाकडी खोपटात जन्मलेले ला फॉलेट प्रथम जिल्ह्याचे सरकारी वकील झाले आणि मग सलग तीन वेळा प्रतिनिधिगृहात निवडून गेले. तोवर ते पक्षशिस्तीतले सरळमार्गी कार्यकर्तेच होते. वळण आले ते १८९१ मध्ये. राज्याच्या माजी खजिनदारांनी सरकारी ठेवींवरचे व्याज खिशात घातल्याचे खटले चालू होते. न्यायाधीश होते ला फॉलेट यांचे मेहुणे, आणि काही खजिनदारांचे जामीनदार होते लाकडाच्या धंद्यात गबर झालेले सिनेटर फिलेटस सॉयर. मिलवॉकीच्या एका हॉटेलात सॉयर यांनी आपल्यापुढे पैसे ठेवले, असा आरोप ला फॉलेट यांनी जाहीरपणे केला. आपण वकिलीची फी देऊ करत होतो, असा खुलासा सॉयर यांनी केला. खरे-खोटे त्या दोघांनाच ठाऊक. पण पक्षाच्या पुढाऱ्यांनी ला फॉलेट यांना वाळीत टाकले आणि १८९६ व १८९८ अशा दोन्ही वेळी गव्हर्नरपदाची उमेदवारी त्यांच्या हातून गेली, ती पक्षाच्या अधिवेशनात प्रतिनिधी फोडले जात म्हणून, अशी त्यांची पक्की समजूत झाली.

१९०० साली गव्हर्नरपदी निवडून आल्यावर त्यांनी पहिला घाव या अधिवेशनांवरच घातला. उमेदवार पुढाऱ्यांनी बंद खोलीत ठरवायचा नाही, मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत मत देऊन ठरवायचा, असा कायदा १९०३ मध्ये झाला आणि १९०४ मध्ये जनतेच्या कौलाने पक्का झाला. रेल्वेवर मालमत्तेच्या किमतीनुसार कर बसला, दरांवर देखरेख ठेवणारा आयोग आला. पण या सगळ्यांहून मला महत्त्वाची वाटते ती त्यांची एक सवय. गावोगावच्या सभांत ते हातात कामकाजाचे इतिवृत्त घेऊन उभे राहत आणि अमुक विधेयकावर तुमच्या आमदाराने, तुमच्या सिनेटरने कोणत्या बाजूला मत दिले हे नावानिशी वाचून दाखवत. विशेषणे नाहीत, शिव्याशाप नाहीत. नाव, विधेयक आणि मत. १९०६ मध्ये सिनेटमध्ये गेल्यावरही हा क्रम सुटला नाही. सहकारी सिनेटरांना याचा किती संताप येत असेल याची कल्पना करावी! सभागृहातले मत हे सभागृहापुरते असते, असे धरून चालणाऱ्या माणसांच्या मतदारसंघात जाऊन हा गृहस्थ त्यांचा हिशेब मांडत होता.

याच ठिकाणी त्यांच्यावरचा माझा खरा आक्षेप येतो. ज्याला बंद खोलीचे वावडे, ज्याला नावानिशी मतदान प्रिय, त्यानेच मतदान होऊ न देण्याचे हत्यार एकदा नव्हे, दोनदा उचलले. १९०८ मध्ये चलनविषयक विधेयकावर दूध आणि कच्च्या अंड्यांवर तग धरत ते अठरा तासांहून अधिक वेळ बोलत राहिले. विधेयक शेवटी संमत झालेच. त्यात हट्टापेक्षा अधिक काही बिघडले नाही. १९१७ च्या मार्चची गोष्ट निराळी. जर्मन पाणबुड्यांनी १ फेब्रुवारीपासून कोणताही निर्बंध न पाळता जहाजे बुडवायला सुरुवात केली होती, आणि अमेरिकी व्यापारी जहाजांवर तोफा बसवण्याचा अधिकार विल्सन यांनी काँग्रेसकडे मागितला होता. सुमारे पंचाहत्तर सिनेटरांनी, मतदान झाले तर आपण बाजूने मत देऊ, असे लेखी जाहीर केले. तरीही ला फॉलेट, नेब्रास्काचे सिनेटर नॉरिस आणि त्यांच्या मोजक्या सोबत्यांनी ४ मार्चला दुपारी अधिवेशन संपेपर्यंत विधेयक रोखून धरले. गंमत अशी की विधेयकाच्या समर्थकांनी वक्त्यांची यादी अशी बेतली की ला फॉलेट यांना स्वतःचे भाषण करायला वेळच मिळाला नाही, आणि ते त्यावरून सभागृहात संतापून ओरडत राहिले. दुसऱ्याचे मत अडवायला निघालेल्या माणसाने आपले भाषण अडवले म्हणून कांगावा करावा, हे काही शोभणारे नव्हते.

बचावात सांगण्यासारखे थोडे आहे. ते अधिवेशन मुदत संपून विसर्जित होत होते, आणि युद्ध ओढवून घेणारा अधिकार शेवटच्या चार दिवसांत घाईने देऊ नये, हा मुद्दा पोकळ नव्हता. विल्सन यांनी मात्र, स्वतःखेरीज कोणाचेही मत न मांडणाऱ्या मूठभर हटवादी माणसांनी सरकारला असहाय करून सोडले, असा भडिमार केला, आणि त्यानंतर काही दिवसांतच जुन्या कायद्याच्या आधारे जहाजांवर तोफा बसवल्याही! असहायतेचा हा नमुना नोंद घेण्यासारखा आहे. तरीसुद्धा मूळ विसंगती उरतेच. ८ मार्चला सिनेटने चर्चा दोन-तृतीयांश बहुमताने संपवता येईल असा नियम केला, तेव्हा विरोधात मत देणाऱ्या तिघांत ला फॉलेट होते. अल्पमताला बोलू द्यावे हे ठीक. अल्पमताने बहुमताला मतच देऊ देऊ नये, हे त्यांच्याच आयुष्यभराच्या शिकवणुकीत बसत नाही.

महिन्याभराने मात्र त्यांनी नेमके उलट केले. युद्धाच्या ठरावावर त्यांनी विधेयक अडवले नाही. काही तास भाषण केले, मत नोंदवले आणि हरले. त्या भाषणात भावनेपेक्षा कागद अधिक होता. जर्मनीच्या पाणबुड्या तटस्थांचे हक्क तुडवतात हे त्यांनी मान्य केले. पण ब्रिटनने १९१४ च्या नोव्हेंबरात उत्तर समुद्रात सुरुंग पेरून तटस्थ जहाजांची वाट बंद केली तेव्हा आपण जर्मनीला लावतो तो नियम ब्रिटनला का लावला नाही, असा त्यांचा सवाल होता. आदल्याच दिवशी विस्कॉन्सिनमधील मनरो गावाने युद्धाबाबत मतदान घेतले होते : विरोधात ९५४, बाजूने ९५. मग त्यांनी विल्सन यांच्या लोकशाहीसाठी लढण्याच्या घोषणेलाच हात घातला. ज्या ब्रिटनच्या खांद्याला खांदा लावून आपण लढणार, त्याला आयर्लंड, इजिप्त आणि हिंदुस्थान यांना होमरूल देण्याची अट राष्ट्राध्यक्षांनी घातली आहे काय?

मराठी वाचकाने या वाक्यापाशी थांबले पाहिजे. त्याच्या बरोबर वर्षभर आधी, एप्रिल १९१६ मध्ये, टिळकांनी बेळगावला होमरूल लीग स्थापन केली होती. त्याच वर्षी त्यांच्या भाषणांवरून वीस हजारांचा जातमुचलका मागितला गेला आणि नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. टिळक युद्धविरोधी नव्हते, सैन्यभरतीला त्यांची ना नव्हती. त्यांचा आग्रह होता तो अटीचा, म्हणजे सहकार्याच्या बदल्यात स्वराज्याच्या हक्काचा. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत त्यांनी राजनिष्ठा व्यक्त करून त्या अटीकडे वळताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना मध्येच अडवले आणि टिळक सभा सोडून निघून गेले. वॉशिंग्टन आणि मुंबई यांत सातासमुद्रांचे अंतर होते आणि या दोन पुरुषांच्या भूमिकाही एक नव्हत्या. पण तोफा धडाडत असताना अटींची भाषा करणे म्हणजेच बेइमानी, हा सत्ताधाऱ्यांचा पवित्रा दोन्हीकडे सारखाच होता. मिसिसिपीचे सिनेटर जॉन शार्प विल्यम्स यांनी तर ला फॉलेट यांचे भाषण जर्मन संसदेत शोभले असते, अशा अर्थाची संभावना केली.

आता विरोधकांचे सर्वांत भक्कम मुद्दे. पहिला असा की विस्कॉन्सिनमध्ये जर्मन वंशाच्या मतदारांचे मोठे बळ होते, तेव्हा ही तत्त्वनिष्ठा नसून मतांची बेरीज होती. बेरीज त्यात अजिबात नव्हती असे मी म्हणणार नाही. राजकारणी माणसाला मतदारसंघ दिसतोच. परंतु ज्या मनरोचे आकडे वर दिले ते मुख्यतः स्विस वस्तीचे गाव होते. शिवाय निव्वळ बेरीज करणाऱ्याने युद्धाची लाट उठताच माघार घेतली असती, कारण लवकरच विस्कॉन्सिनच्या विधिमंडळानेच त्यांचा निषेध करणारा ठराव केला. दुसरा मुद्दा सोबतीचा : त्या सहांत मिसिसिपीचे जेम्स वार्डमन होते, काळ्या नागरिकांविषयीच्या विखारासाठी कुप्रसिद्ध. खरे आहे. पण ला फॉलेट यांच्या पत्नी बेल या विस्कॉन्सिन विद्यापीठातून कायद्याची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री. त्यांनी पतीच्याच नियतकालिकातून विल्सन सरकारच्या कचेऱ्यांत काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळे बसवण्याविरुद्ध लेख लिहिले होते. मतदानात शेजारी कोण बसले यावरून मत पारखायचे ठरवले तर युद्धाच्या बाजूच्या ८२ जणांचीही झडती घ्यावी लागेल, आणि ती फारशी सुखावह होणार नाही.

तिसरा मुद्दा खरोखर जड आहे. निर्णय होईपर्यंत वाद घाला, पण एकदा राष्ट्राने निर्णय घेतला आणि पोरे खंदकात उतरली की बोलणाऱ्याने तोंड आवरावे. कारण येथे उच्चारलेला शब्द तेथे शत्रूला बळ देतो. यात माणुसकीचा अंश आहे, म्हणूनच हे म्हणणे सहज झटकून टाकता येत नाही. पण ला फॉलेट यांनी नेमके काय केले ते पाहावे. युद्धखर्चाच्या बहुतेक मागण्यांना त्यांनी पाठिंबा दिला. सक्तीची लष्करभरती आणि एस्पिओनाज कायदा (हेरगिरीविरुद्धचा, पण युद्धविरोधी बोलण्यालाही लागू होणारा) यांना विरोध केला. आणि युद्धातून वारेमाप नफा कमावणाऱ्यांवर जबर कर बसवून खर्चाचा भार त्यांच्यावर टाका, म्हणून ते हट्ट धरून बसले. खंदकातल्या शिपायाची रसद यातून कोठे तुटली? तुटत होता तो नफा. ६ ऑक्टोबर १९१७ रोजी सिनेटमध्ये त्यांनी जो दाखला दिला तो तर टीकाकारांच्या घरातलाच होता. मेक्सिकोविरुद्धचे युद्ध चालू असताना इलिनॉयचा एक नवखा प्रतिनिधी राष्ट्राध्यक्ष पोक यांना विचारत होता की अमेरिकी रक्त जेथे सांडले असे तुम्ही म्हणता, ती जागा आमच्या भूमीत होती हे दाखवून द्या. आणि हे युद्ध विनाकारण व घटनाबाह्य रीतीने सुरू केले गेले, या ठरावाच्या बाजूने त्याने १८४८ मध्ये मत दिले. सैन्याच्या रसदेला मात्र त्याने कधी नकार दिला नाही. त्याचे नाव अब्राहम लिंकन. क्रिमियाच्या युद्धाला विरोध करणारे जॉन ब्राइट १८५७ मध्ये मँचेस्टरची जागा गमावून बसले आणि त्याच वर्षी बर्मिंगहॅममधून पुन्हा पार्लमेंटात गेले. तोंड आवरण्याचा नियम लिंकन आणि ब्राइट यांना लागू नसेल तर तो विस्कॉन्सिनच्या सिनेटरलाच का?

आणि शत्रूला बळ कशाने मिळते याचा विचार करताना २० सप्टेंबर १९१७ चे मिनेसोटातील सेंट पॉलचे भाषण विसरता येत नाही. शेतकऱ्यांच्या चळवळीच्या त्या सभेत ला फॉलेट म्हणाले की जर्मनीविरुद्ध आपल्या तक्रारी होत्या आणि त्या गंभीर होत्या. असोसिएटेड प्रेसच्या बातमीत वाक्य उलटे झाले : आपली जर्मनीविरुद्ध काहीच तक्रार नव्हती. देशभरच्या वर्तमानपत्रांत तेच छापून आले. मिनेसोटाच्या सार्वजनिक सुरक्षा आयोगाने त्यांना सिनेटमधून काढून टाकावे असा अर्ज केला आणि सिनेटच्या समितीने चौकशी सुरू केली. वृत्तसंस्थेने चूक कबूल केली ती १९१८ च्या मे महिन्यात, म्हणजे आठ महिन्यांनी. दरम्यान विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या चारशेहून अधिक अध्यापकांनी त्यांच्या निषेधाच्या पत्रकावर सह्या केल्या. सह्या करणाऱ्यांत विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स व्हॅन हाइझ होते : ला फॉलेट यांचे वर्गबंधू, आणि ज्यांना त्या पदावर बसवण्यासाठी गव्हर्नर ला फॉलेट यांनी आपले वजन खर्च केले ते. विद्वानांनी तरी मूळ भाषण मागवून वाचायला नको होते का? घाई केली ती सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी नव्हे, पुरावा तपासण्याचा पगार घेणाऱ्यांनी.

येथे एक गोष्ट मान्य करणे भाग आहे. ला फॉलेट यांना सिनेटच्या पदाचे कवच होते. जून १९१८ मध्ये ओहायोतील कँटनला युद्धविरोधी भाषण करणारे समाजवादी नेते युजीन डेब्स यांना दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि मार्च १९१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने कायम केली. १९२० ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक त्यांनी अटलांटाच्या तुरुंगातून लढवली आणि नऊ लाखांवर मते मिळवली. सिनेटर बोलला तर समितीची चौकशी, चळवळ्या बोलला तर दहा वर्षे, हा भेद उघड आहे. पण यावरून निघणारा निष्कर्ष ला फॉलेट यांच्या विरुद्ध जात नाही. ज्याला कवच मिळाले आहे त्याने तरी बोलावे, एवढाच तो आहे. बाकीच्या बहुसंख्य सिनेटरांना तेच कवच होते आणि ते त्यांनी वापरले नाही.

चौकशीचा शेवट बोलका आहे. १६ जानेवारी १९१९ रोजी सिनेटने हकालपट्टीची मागणी ५० विरुद्ध २१ मतांनी निकाली काढली. तोवर युद्ध संपले होते, आणि नोव्हेंबर १९१८ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाला येऊ घातलेल्या सिनेटमध्ये अगदी निसटते बहुमत मिळाले होते. ला फॉलेट यांचे एक मत गमावणे पक्षाला परवडण्यासारखे नव्हते. सिनेटची न्यायबुद्धी नेमकी याच मुहूर्तावर जागी झाली, याला योगायोग म्हणायचे असेल त्याने खुशाल म्हणावे.

म्हणून ‘ते खरे ठरले’ या युक्तिवादाचा मला कंटाळा येतो. व्हर्सायचा तह वाईट होता, एवढ्यावरून १९१७ चे मत बरोबर ठरत नाही. जर्मनी जिंकली असती तर तिने लादलेला तह बरा असता याची हमी कोण देणार? जर्मनीने रशियावर मार्च १९१८ मध्ये लादलेला, रशियाचा मोठा प्रदेश तोडणारा ब्रेस्ट-लिटोव्हस्कचा तह आठवावा. ला फॉलेट यांना कैसरच्या राजवटीचा धोका कमी दिसला, मेक्सिकोला अमेरिकेवर घालू पाहणाऱ्या जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमन यांच्या तारेचे गांभीर्य त्यांनी पुरते जोखले नाही, हे मला पटते. पण १९३० च्या दशकातल्या तटस्थतेचे पापही त्यांच्या माथी मारता येत नाही. १९२५ च्या जूनमध्ये वारलेला माणूस १९३५ च्या कायद्याला जबाबदार कसा? आणि चुकीचे असण्याचा हक्क केवळ बहुमताला असतो असे तर कोणी म्हणत नाही ना?

युद्धाविरुद्ध मत देणाऱ्या त्या सहांपैकी लेन दोन महिन्यांच्या आत वारले, स्टोन वर्षभराने; वार्डमन १९१८ मध्ये आणि ग्रोना १९२० मध्ये उमेदवारीच हरले. नॉरिस टिकले. ला फॉलेट १९२२ मध्ये प्रचंड मताधिक्याने परत आले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये त्यांनी नौदलाच्या राखीव तेलसाठ्यांच्या भाडेपट्ट्यांची चौकशी मागणारा ठराव आणला, त्यातून टीपॉट डोमचे लाचप्रकरण उघडकीला आले आणि पुढे एक माजी मंत्री तुरुंगात गेला. युद्धकाळात ज्यांना गप्प बसवायला हवे होते असे म्हणतात, त्यांच्यातलाच हा एक. त्याची हकालपट्टी झाली असती तर तो ठराव कोणी आणला असता? १९२४ मध्ये दोन्ही पक्षांविरुद्ध उभे राहून त्यांनी ४८ लाखांच्या आसपास मते घेतली, पण राज्य जिंकले ते एकच, विस्कॉन्सिन.

एक आक्षेप उरतो, आणि तो मला सर्वांत धारदार वाटतो. ज्या खुल्या प्राथमिक निवडणुकीचा ला फॉलेट यांना एवढा अभिमान, तिच्यातच १९४६ साली विस्कॉन्सिनच्या मतदारांनी त्यांचा मुलगा रॉबर्ट धाकटा याला सुमारे साडेपाच हजार मतांच्या फरकाने घरी बसवले आणि उमेदवारी दिली ती जोसेफ मॅकार्थी यांना. मतभेदाला देशद्रोह ठरवण्याच्या धंद्याला ज्याचे नाव चिकटले तो माणूस बापाच्या कायद्याने मुलाच्या जागेवर बसला. मग पक्षाच्या पुढाऱ्यांची बंद खोली बरी होती काय? ज्या खोलीतून सॉयर निघाले त्या खोलीतून मॅकार्थी निघालेच नसते, असे मानायला काही आधार नाही. फरक इतकाच की सॉयर यांची निवड कोणी केली हे मतदारांना कधी कळले नाही, आणि मॅकार्थी यांची निवड त्यांनी स्वतः केली होती. तिचा दोष दुसऱ्या कोणावर ढकलण्याची सोय त्यांना नव्हती. दोनदा उमेदवारी हरलेल्या ला फॉलेट यांनी मतदार आपल्या मनासारखाच वागेल, अशी अट त्या कायद्यात कोठे घातली नव्हती.